छपाईची रांग वारंवार अडकते : प्रिंट सर्व्हर बसवावा का, आणि कोणता?

बडोद्याचा हिशेबनीस

सर्व जाणकारांस नमस्कार. बडोद्यात दांडिया बाजार भागातील एका लहान संस्थेच्या कार्यालयातले संगणक मी सांभाळतो. शिक्षणाने मी हिशेबनीस आहे, परंतु एखाद्याला यातले थोडे कळते असे कार्यालयात एकदा ठरले की त्याची सुटका नसते. आमच्याकडे विंडोजचे १८ संगणक आणि नेटवर्कला जोडलेले तीन प्रिंटर आहेत : एकाच मॉडेलचे दोन लेझर आणि एक जुना, ए-३ या मोठ्या कागदावर छापणारा. प्रत्येक संगणकावर प्रत्येक प्रिंटर त्याचा आयपी पत्ता घालून स्वतंत्रपणे जोडलेला आहे.

अडचण अशी की कोणी स्कॅन केलेला तीनशे पानांचा अहवाल छापायला टाकला की बाकीच्यांची कामे खोळंबतात, आणि नेमके कोणाचे काम पुढे आहे हे कोणालाच दिसत नाही. मग लोक पुन्हा पुन्हा ‘प्रिंट’ दाबतात आणि यंत्र मोकळे झाले की एकाच पत्राच्या सहा प्रती बाहेर पडतात. लाइट जाऊन आली की कधी कधी एखादा प्रिंटर सर्वांनाच ‘ऑफलाइन’ दिसू लागतो. पैसे भरून घ्यायचे एखादे सॉफ्टवेअर घ्यावे, की बाजूला पडलेल्या चार जीबी मेमरीच्या जुन्या संगणकावर काही करता येईल? मार्चअखेरीपूर्वी हे मार्गी लावायचे आहे.

राजवाडा, इंदूर

आपल्या वर्णनातच निदान आहे. आपण ‘रांग’ असे एकवचनी म्हणता, पण आपल्या कार्यालयात प्रत्येक प्रिंटरसाठी अठरा रांगा आहेत, कारण प्रत्येक विंडोज संगणकाचा स्पूलर (छपाईची कामे साठवून प्रिंटरकडे पाठवणारा भाग) स्वतःची स्वतंत्र रांग चालवतो आणि शेजारच्या टेबलावर काय चालले आहे याची त्याला काहीच कल्पना नसते. असे थेट जोडलेले प्रिंटर बहुधा ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरच्या एका ठरावीक दारावर, काम घेतात आणि तेथे सामान्यतः एका वेळी एकाच संगणकाचे काम चालते. बाकीचे सतरा जण दार ठोठावत उभे राहतात. ज्याचे दार ठोठावणे योग्य क्षणी पडेल त्याचे काम आधी होते, म्हणजे ती रांगसुद्धा नव्हे.

सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी प्रिंटरचे पत्ते स्थिर करावेत. लाइट आल्यावर राउटर प्रिंटरला नवा पत्ता देतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतात. ‘ऑफलाइन’ दिसण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे. राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, मांडणीत प्रत्येक प्रिंटरचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक) नोंदवून त्याचा आयपी राखून ठेवला की हा त्रास संपतो. त्यानंतरही एखाद्याच संगणकावर ऑफलाइन दिसत असेल, तर विंडोजमधील त्या पोर्टच्या मांडणीत ‘एसएनएमपी स्टेटस’ची (प्रिंटरची स्थिती विचारण्याच्या सोयीची) खूण काढून पाहावी.

आता प्रिंट सर्व्हर, म्हणजे सर्वांची कामे एकाच रांगेत घेऊन प्रिंटरकडे पाठवणारा संगणक. आपल्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकून कप्स हे छपाईच्या रांगा सांभाळणारे सॉफ्टवेअर चालवावे, एवढ्या कामाला चार जीबी पुरेशी आहे. मायकेल स्वीट यांनी १९९७ साली ते लिहायला घेतले, २००७ साली अ‍ॅपलने त्याचे हक्क विकत घेतले, आणि स्वीट अ‍ॅपलमधून बाहेर पडल्यानंतर २०२० पासून ओपनप्रिंटिंग हा गट त्याचा विकास पुढे नेत आहे. परवाना मुक्त आहे, त्यामुळे पैशाचा प्रश्न येत नाही. आयपीपी या छपाईच्या प्रमाणित भाषेत ते बोलते आणि त्यासाठी पोर्ट क्रमांक ६३१ वापरते. विंडोज संगणकांवर सर्व्हरचा पत्ता, ६३१ आणि रांगेचे नाव एवढे दिले की प्रिंटर जोडला जातो.

दोन गोष्टी मात्र सुरुवातीलाच ठरवाव्यात. कप्समध्ये काम फसले की काय करायचे याचे एक धोरण असते आणि त्याचे मूळ मूल्य ‘स्टॉप-प्रिंटर’ असे आहे, म्हणजे एक काम फसले तर संपूर्ण रांग थांबते आणि कोणी हाताने चालू करीपर्यंत थांबूनच राहते. रांग बिघडली म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी कितीतरी याच एका ओळीमुळे असतात. ते ‘रिट्राय-जॉब’ करावे. मग फसलेले काम थोड्या वेळाने पुन्हा पाठवले जाते आणि तोवर मागची कामे पुढे सरकतात. ‘रिट्राय-करंट-जॉब’ हा नावाने जुळा वाटणारा पर्याय घेऊ नये, कारण तो तेच काम लगेच पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

दुसरे असे की दोन्ही लेझर एकाच मॉडेलचे असल्याने त्यांचा एक ‘क्लास’, म्हणजे गट, करावा. लोकांना एकच प्रिंटर दिसेल, आणि काम त्यातील जो मोकळा असेल त्याच्याकडे जाईल. तीनशे पानांचा अहवाल एका यंत्राला दिवसभर धरून बसला तरी दुसरे चालू राहील. शिवाय प्रत्येक कामाला १ ते १०० पर्यंत प्राधान्यक्रम देता येतो, मूळ मूल्य ५० असते. अशा अहवालाला १० दिले तर सुरू न झालेला तो अहवाल मागे राहतो आणि लहान पत्रे पुढे निघतात.

बडोद्याचा हिशेबनीस

फारच उपयुक्त. ‘अठरा रांगा’ हे वाचून डोक्यात प्रकाश पडला. तरी एक शंका विचारतो : लिनक्स येथे माझ्याशिवाय कोणी हाताळणार नाही. त्याऐवजी एका विंडोज संगणकावरूनच तिन्ही प्रिंटर शेअर केले तर? दुसरे म्हणजे, कोण किती पाने छापतो हे विश्वस्तांना कळायला हवे आहे.

लष्कर, ग्वाल्हेर

विंडोजवरून शेअर करणे लहान कार्यालयात चालते, मी स्वतः ते काही वर्षे केले आहे. परंतु सर्व्हर आवृत्ती नसलेल्या विंडोज १० किंवा ११ च्या परवान्यात जास्तीत जास्त २० उपकरणांनाच अशी सेवा घेता येते. आपले अठरा संगणक आज त्यात बसतात, उद्या तीन वाढले की बसणार नाहीत. शिवाय २०२१ च्या उन्हाळ्यात ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेली स्पूलरची त्रुटी उघडकीस आल्यानंतर मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नियम कडक केले. तेव्हापासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला किंवा बदलायला प्रशासकाचे अधिकार लागतात. म्हणजे प्रत्येक टेबलापाशी जाऊन पासवर्ड घालणे आले.

कप्सही निर्दोष आहे असे नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या सोबतच्या ‘कप्स-ब्राउझ्ड’ या भागात गंभीर त्रुटी जाहीर झाल्या. तो भाग जाळ्यातील इतर प्रिंटर आपोआप शोधण्यासाठी असतो. आपले तीन प्रिंटर ठाऊकच आहेत, तेव्हा तो बंद ठेवावा, अद्ययावत आवृत्ती वापरावी आणि ६३१ हे पोर्ट केवळ कार्यालयाच्या आतील जाळ्यापुरते उघडे ठेवावे.

पानांच्या हिशेबासाठी कप्स ‘पेज-लॉग’ नावाची नोंदवही ठेवते, आणि ‘एलपीअ‍ॅडमिन’ या आज्ञेने प्रत्येक व्यक्तीला ठरावीक काळात किती पाने छापता येतील हेही बांधता येते. काळ सेकंदांत द्यावा लागतो, आठवड्यासाठी ६०४८००. विश्वस्तांना मात्र आधीच सांगून ठेवा की नाव आणि पासवर्डची पडताळणी सक्तीची केली नसेल, तर संगणक जे वापरकर्त्याचे नाव सांगेल तेच तेथे नोंदले जाते. विश्वासातल्या माणसांचा अंदाज घेण्यास ही वही पुरेशी आहे, कोणाच्या पगारातून कागदाचे पैसे कापण्यास नाही.

आणखी एक, जे बहुतेक जण विसरतात : सर्व्हर लागला तरी अठरा संगणकांवरचे जुने थेट जोड तसेच राहतात, आणि घाईत असलेला माणूस हमखास त्यातूनच छापतो. प्रिंटरच्या स्वतःच्या वेबपानावर बहुधा कोणत्या पत्त्यांकडून काम घ्यावे याची यादी देता येते. तीत फक्त सर्व्हरचा पत्ता ठेवावा.

राजवाडा, इंदूर

वरील शेवटचा मुद्दा मीच लिहायला हवा होता. यूपीएसबद्दलही सांगतो : सर्व्हर, राउटर आणि स्विच यूपीएसवर घ्यावेत, लेझर प्रिंटर घेऊ नयेत. त्यांच्यातील कागद तापवणारा भाग क्षणात इतकी वीज ओढतो की कार्यालयीन यूपीएस लगेच हात टेकतो. प्रिंटर बंद पडला तरी कामे सर्व्हरवर सुरक्षित असतात, लाइट आली की पुढे निघतात.

बडोद्याचा हिशेबनीस

तीन आठवड्यांनी कळवतो आहे. पत्ते राखून ठेवल्यावर ‘ऑफलाइन’ची तक्रार एकदाही आलेली नाही, आणि हे काम सर्व्हरच्या आधीच, एका दुपारी झाले होते. दोन्ही लेझरचा क्लास केला आहे. जुने थेट जोड बंद केले त्या दिवशी मला बरीच बोलणी खावी लागली, कारण चार जणांनी ते वापरणे मुळीच सोडलेले नव्हते.

राहिला आहे तो ए-३. लेझर आयपीपी समजतात, त्यामुळे सर्व्हरवर त्यांना वेगळा ड्रायव्हर लागला नाही; हा जुना असल्याने त्याला पीपीडी फाइल (प्रिंटरच्या सोयींचे वर्णन करणारी) शोधून द्यावी लागली. कप्सच्या पुढील ३.० आवृत्तीत पीपीडीचा आधार काढून टाकला जाणार आहे असे वाचले, म्हणून त्या सर्व्हरवर कप्सची मोठी आवृत्ती आपोआप बदलणार नाही अशी तजवीज केली आहे, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र चालू ठेवल्या आहेत. ए-३ साठी पीपीडीऐवजी चालणारे ‘प्रिंटर अ‍ॅप्लिकेशन’ कोणी प्रत्यक्ष वापरले असल्यास येथे लिहावे, मार्च उलटला की तेच काम हाती घेणार आहे.