कोबेत एका दिवसात काय बघावं?

बडोद्याहून आई-बाबांना घेऊन जपानला चाललोय, ओसाकाहून एक दिवस कोबेसाठी काढलाय, आईचे गुडघे दुखतात आणि दोघंही पक्के शाकाहारी, काय सुचवाल?

— कितानोत परदेशी व्यापाऱ्यांची जुनी घरं आहेत पण चढ आहे हां, काकूंना टॅक्सीनेच न्या. तिथेच संगमरवरी जैन देरासर (मंदिर) आहे, आसपास इंडियन हॉटेलं पण, जेवणाचं टेन्शन नाही.

— शिन-कोबे स्टेशनजवळून रोपवेने नुनोबिकी हर्ब गार्डनला जा, वरून अख्खं बंदर दिसतं.

— संध्याकाळी मेरिकेन पार्क, सगळं सपाट. १९९५ च्या भूकंपात मोडलेला बंदराचा धक्का तसाच ठेवलाय, २००१ चा हादरा आठवणाऱ्या बडोदेकरांनी बघाच. डमरूसारखा लाल पोर्ट टॉवर खालूनच झकास दिसतो, तिकिटाचे पैसे वाचवा.

— थँक्यू मंडळी, रोपवे फिक्स!