सीपीआर८ईए-९ च्या जागी सीआर७एचएसए बसलाय, ६ नंबरचा लावू की इरिडियम?

सकाळचीकिक
नमस्कार मंडळी. १५० सीसी, एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन, कार्ब्युरेटरवालं. पुस्तिकेत एनजीके कंपनीचा सीपीआर८ईए-९ हा स्पार्क प्लग सांगितलाय. प्लग काढला तर त्यावर सीआर७एचएसए छापलेलं दिसलं. गाडी थंड असताना पाच-सहा किका मागते, आयडलिंगला मधूनच मिस मारते. प्लगचं टोक कोरडं काळं, बोटाला काजळी लागते. गॅप, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर, ०.७ मिमी भरला.

काळा पडतोय म्हणून आणखी गरम, म्हणजे ६ नंबरचा लावावा का? की इरिडियम टाकला की प्रश्न सुटेल? आणि बॉशचा प्लग घ्यायचा तर ८ नंबर बघूनच घ्यायचा का? आटे सारखेच आहेत, सध्याचा प्लग नीट घट्ट बसतो.

हेडचेआटे
७ आणि ८ नंतर बघू. आधी आकड्यापुढचं अक्षर बघा. तुमच्या प्लगवर एच आहे, पुस्तिकेत ई आहे. एच म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिमी, ई म्हणजे १९ मिमी. सुरुवातीचा सी दोन्हीकडे आहे, म्हणजे आट्यांचा व्यास १० मिमी आणि पाना १६ चा. म्हणून तर तो बिनबोभाट आत गेला. वायसर जिथे टेकतो तिथपासून आटे संपतात तिथपर्यंत पट्टी लावून मोजा, लगेच दिसेल.

म्हणजे ठिणगी जिथे पडायला हवी तिथून सहा मिमी मागे, एका खोल भोकात पडते. तिथे ताजं मिश्रण नीट पोचत नाही, जळलेला वायू अडकून राहतो, आणि इंजिन थंड असताना पेट घ्यायला वेळ लागतो. शिवाय तुमच्या प्लगला पी नाही. पी म्हणजे पोर्सेलिनचं टोक कवचाच्या बाहेर डोकावतं. तेही नसल्याने ठिणगी आणखी मागे गेली.

आता महत्त्वाचं: नवा प्लग आणून थेट पान्याने आवळू नका. हेडमधले शेवटचे सहा मिमी आटे इतके दिवस उघडे होते, त्यांत कार्बन भरलेला असणार. हेड ॲल्युमिनियमचं आहे, नवा प्लग जोराने घातलात तर आटे फाटतात.

नवा प्लग फक्त हाताने फिरवा आणि फेरे मोजा. या आट्याचं पिच १ मिमी आहे, एका फेऱ्याला प्लग एक मिमी आत जातो. वायसर टेकेपर्यंत सतरा-अठरा फेरे जायला हवेत. बारा-तेरा फेऱ्यांतच अडला तर तो कार्बनवर अडलाय. लगेच बाहेर काढा. मग १० × १.० चा आटे साफ करणारा टॅप घ्या, नवे आटे कापणारा नव्हे. त्याच्या खाचांत ग्रीस भरा म्हणजे कचरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो. १९ मिमीवर चिकटपट्टीची खूण करा आणि त्यापुढे जाऊ नका. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असं हळू चालवा. मधे दोन-तीनदा काढून पुसा, पुन्हा ग्रीस भरा. शेवटी भोकावर फडकं धरून, किल स्विच बंद ठेवून दहा-बारा किका मारा, उरलासुरला कचरा उडून जाईल.

तांबूसटोक
वरचं सगळं बरोबर. गरम-थंडाबद्दल लिहितो, कारण इथे नेहमी गोंधळ होतो.

प्लग 'गरम' म्हणजे तो जास्त जोराची ठिणगी टाकतो असं नाही. पोर्सेलिनचं नाक लांब असलं की उष्णता हेडकडे जायला वेळ लागतो आणि टोक तापलेलं राहतं, तो गरम प्लग. नाक आखूड तो थंड. टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की काजळी आपोआप जळते. ८०० च्या बरंच वर गेलं की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण तापलेल्या टोकाने पेटतं. एक नंबर बदलला की टोकाच्या तापमानात ७० ते १०० अंशांचा फरक पडतो.

त्यामुळे ६ अजिबात लावू नका. ८ सांगितलेल्या इंजिनात ६ म्हणजे टोक दीडशे-दोनशे अंश जास्त तापणार. गल्लीत काही कळणार नाही, पण भर उन्हात लांब चढ, मागे माणूस आणि थ्रॉटल पूर्ण उघडा, अशा वेळी पिस्टनला भोक पडू शकतं. काजळी हटवायला पिस्टन पणाला लावायचा नाही.

बॉशचा आकडा उलटा चालतो. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉश आणि चँपियनमध्ये आकडा वाढला की गरम. डेन्सोची मोजणीही वेगळी, एनजीकेच्या ८ ला डेन्सोचा २४. तेव्हा आकडा जुळवू नका, त्या कंपनीच्या तक्त्यात तुमच्या गाडीपुढे लिहिलेला प्लगच घ्या.

इरिडियम: मधला इलेक्ट्रोड ०.६ मिमी किंवा त्याहून बारीक असतो, म्हणून ठिणगीला कमी व्होल्टेज पुरतं. शिवाय इरिडियम २४४६ अंशांना वितळतं, निकेल १४५५ ला, म्हणून टोक हळू झिजतं. हे दोन फायदे खरे आहेत. पण मिश्रण गडद, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, असेल तर इरिडियमवरही तीच काजळी बसते. आधी साध्या प्लगवर गाडी ठीक करा, मग हवा तर सीपीआर८ईएआयएक्स-९ घ्या.

सकाळचीकिक
मोजलं, १२.७ च निघालं! टॅप मिळवतो. नव्या प्लगचा गॅप कितीचा ठेवू आणि टॉर्क पाना नसेल तर किती आवळू? नव्याच्या डोक्यावर एक गोल नट आहे, जुन्याच्या डोक्यावर नुसता आटा आहे.

हेडचेआटे
तो नट पक्कडीने फिरवून काढा. तुमची कॅप आट्यावर बसणारी आहे. नट तसाच ठेवलात तर कॅप पूर्ण खाली बसत नाही आणि पावसात मिस मारते.

शेवटचा -९ म्हणजे गॅप ०.९ मिमी. तारेच्या गेजने तपासा. कमी-जास्त असेल तर फक्त बाजूचा इलेक्ट्रोड वाकवा, मधल्यावर टेकू घेऊन दाब देऊ नका, पोर्सेलिन तडकतं. प्लग हातातून जमिनीवर पडला तरी गॅप बंद होतो आणि आत तडा जाऊ शकतो, तो लावू नये.

१० मिमी आट्याला १० ते १२ न्यूटन मीटर टॉर्क. पाना नसेल तर वायसर टेकेपर्यंत हाताने, मग पान्याने अर्धा फेरा. हाच प्लग पुढे काढून पुन्हा लावाल तेव्हा वायसर आधीच चेपलेला असेल, मग फेऱ्याचा बारावा भाग पुरे, घड्याळाच्या काट्याच्या एका तासाएवढा. आट्यांना ग्रीस किंवा कॉपर पेस्ट लावू नका. घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. काम गार इंजिनवरच करा.

तांबूसटोक
एक राहिलं. नवा प्लग लावल्यावर दीडशे-दोनशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा. मग चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चांगल्या वेगात असताना, रस्ता मोकळा बघून, क्लच दाबून इंजिन बंद करा आणि बाजूला थांबा. गार झाल्यावर प्लग काढा. बराच वेळ आयडलिंगला ठेवून काढलात तर तो काळाच दिसेल, त्यावरून काही ठरवू नका. कवचाची बाहेरची कड काळी असली तरी चालते, आतलं पोर्सेलिनचं नाक बघायचं. राखाडी किंवा फिकट तांबूस असेल तर झालं काम. नाकही काळं निघालं तर चोक पूर्ण मागे जातोय का, एअर फिल्टर तुंबलाय का, कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटची पातळी बरोबर आहे का, या क्रमाने बघा. पांढरट आणि बारीक फोड आलेलं दिसलं तर गाडी पळवू नका, आधी कार्ब्युरेटर आणि हेडमधल्या रबरी जोडाला चीर आहे का ते तपासा.