मदत हवी आहे: जनरेटरच्या इंजिनाचा माउंटिंग स्टड ब्लॉकमध्येच तुटलाय

मागवाला
सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. यंत्रमागाच्या शेडला लागून जनरेटर आहे. तीन सिलिंडरचं वॉटर कूल्ड डिझेल इंजिन, १५०० आरपीएम. पुढचा डावा माउंटिंग ब्रॅकेट ब्लॉकला चार स्टडवर (दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे) बसतो, त्यातला एक तुटला. साईज एम१२ (१२ मिमी व्यास), पिच (दोन आट्यांतलं अंतर) १.७५ मिमी. तुकडा ब्लॉकच्या २ मिमी आत आहे, पकडायला काहीच नाही. उरलेल्या तीनपैकी एकाचा नट हातानं फिरतोय. आर्क वेल्डिंग मशीन आणि हँड ड्रिल आहे. इंजिन न उतरवता जमेल का? हार्डवेअरवाला ईझी आउटचा (तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडून तो उलटा फिरवून काढायचं निमुळतं हत्यार) सेट घ्या म्हणतोय.

टॅपडाय
ईझी आउट आत्ता तरी नको. १२ मिमीच्या स्टडमध्ये ६-७ चं भोक पाडून त्यात घालायचा तो तुकडा स्टडपेक्षा बारीक आणि काचेसारखा कडक. शिवाय निमुळता असल्यामुळे तो स्टडला आतून फुगवतो, म्हणजे आटे आणखी आवळतात. आत मोडला की साधा ड्रिल त्याच्यावर चालत नाही, आणि मग खरंच इंजिन उतरवावं लागतं.

आधी तुटलेलं तोंड बघा. गुळगुळीत भाग, त्यावर शिंपल्यासारख्या कमानी रेषा आणि एका कडेला थोडाच खरबरीत ठिपका असेल, तर नट ढिला राहून स्टड हळूहळू थकून तुटलाय. तुमचा दुसरा नट हातानं फिरतोय म्हणजे तेच असणार. अशा वेळी तुकडा बऱ्याचदा आत जाम नसतो. डिझेल आणि ट्रान्समिशन ऑइल निम्मं-निम्मं करून रात्रभर मुरू द्या. मग धारदार छोट्या पंचनं कडेजवळ तिरपे, घड्याळाच्या उलट दिशेनं हलके ठोके द्या. पाव फेरा हलला की काम झालं.

जुना फिटर
त्याआधी ब्रॅकेटवरचं इंजिनाचं वजन काढा. जॅक ऑइल सम्पखाली (तळाच्या तेलाच्या पत्र्याच्या टाकीखाली) लावू नका, पत्रा दबतो आणि आतल्या सक्शन जाळीला टेकतो. लिफ्टिंग हुकला चेन कुप्पी लावून ५-६ मिमी उचला, तेवढं पुरे. मगच ब्रॅकेट सोडा.

ठोक्यांनी नाही हललं तर वेल्डिंग. बॅटरीच्या दोन्ही वायरी, एव्हीआर (जनरेटरचं व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट) आणि कंट्रोलरचे कनेक्टर आधी काढा. अर्थिंगचा चिमटा ब्लॉकलाच, स्टडच्या जवळ लावा. लांब चेसिसला लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. आणि मागाच्या शेडजवळ काम आहे, सुताचा कचरा आणि कापसाची धूळ झाडून घ्या. एक ठिणगी पुरते.

अडीच मिमीचा रॉड, ८०-९० अँपिअर. स्टडच्या मधोमध टाके टाकत तुकडा ब्लॉकच्या वर आणा. भोकाच्या भिंतीला जाऊ नका. चुकून लागलंच तरी कास्ट आयर्नवर तो टाका धड चिकटत नाही, पण आटे खराब होतात. वर १२ च्या भोकाचा वॉशर, आतून भरून घ्या. वॉशरवर एम१६ चा नट, तोही आतून भरा. लाली उतरली की नटाच्या बुडाशी मेणबत्ती टेकवा, मेण आट्यांत ओढलं जातं. मग पाना लावून मागे-पुढे, मागे-पुढे. एकदम ओढू नका. नट दोन-तीनदा सुटून येईल, परत लावायचा. दर वेळी बसणारी उष्णताच खरं काम करते.

मागवाला
आणि ड्रिलच करायची वेळ आली तर? हँड ड्रिल सरळ राहत नाही.

टॅपडाय
ब्रॅकेट हाच तुमचा गाइड. तो उरलेल्या तीन स्टडवर बसवा आणि लेथवाल्याकडून दोन बुश (ड्रिल सरळ धरणाऱ्या नळ्या) करून घ्या: बाहेरून ब्रॅकेटच्या भोकात घट्ट, आतून एकाला ५ आणि दुसऱ्याला ८.५ मिमी. ५ चा ड्रिल हजार आरपीएमच्या आसपास, ८.५ चा पाचशेच्या आसपास, तेल घालत. उलट्या आट्याचा (घड्याळाच्या उलट फिरून कापणारा) ड्रिल मिळाला तर तोच वापरा, अनेकदा ८.५ लाच तुकडा फिरून बाहेर येतो. नाही आला तर बुश काढून १०.२, मग आट्यांत उरलेली स्प्रिंगसारखी तार टोकदार सळईनं उचकटा आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा.

खोली आधी ठरवा. शेजारचा स्टड काढून त्या भोकात तार घालून मोजा आणि ड्रिलवर तेवढ्यावर टेप गुंडाळा. बुश आणि ब्रॅकेटची जाडी त्यात धरायला विसरू नका. बूड फुटलं तर पलीकडे पाणी किंवा ऑइल.

भोक बाजूला सरकलंच तर एम१२ चा हेलिकॉइल (मोठ्या केलेल्या भोकात बसवून नवे आटे देणारी तारेची गुंडाळी), १८ मिमी लांबीचा. कास्ट आयर्नमध्ये दीडपट व्यास पकड हवीच.

जुना फिटर
नवा स्टड लेथवर साध्या सळईतून काढून घेऊ नका, तो ताणतो. ८.८ ग्रेडचा (जास्त ताकदीच्या पोलादाचा) घ्या, आणि चारही बदला. सैल नटावर चाललेल्या बाकीच्यांतही चीर असू शकते.

भोक थिनरनं धुऊन हवेनं कोरडं करा. बंद भोकात तेल राहिलं तर स्टड आवळताना ते ब्लॉकला चीर पाडतं. ब्लॉककडच्या आट्यांना लॉकटाइट २४३ (आटे सैल होऊ न देणारा डिंक), स्टड हातानं बसवा. ब्रॅकेटच्या बैठकीवरचा रंग खरवडून काढा. रंग दबतो आणि नट पुन्हा सैल पडतो. नट आवळण्याआधी ब्रॅकेट टेकवून कडेनं ०.१० मिमीचा फिलर गेज (फट तपासायची पातळ पट्टी) फिरवा, जायला नको. जात असेल तर ब्रॅकेट वाकडा आहे. मॅन्युअलमध्ये टॉर्क (नट आवळायचा जोर) नसेल तर ८० न्यूटन-मीटर, तिरप्या क्रमानं दोन टप्प्यांत.

माउंटिंगचं रबरही बघा. डावं-उजवं उंचीत फरक दिसला तर जोडीनं बदला, नाहीतर सगळा हादरा याच ब्रॅकेटवर येतो. ५० तास चालल्यावर थंड इंजिनावर चारही नटांना परत टॉर्क पाना लावा.