जोंधळ्याच्या रानातल्या गोष्टी मक्याच्या रानात का आल्या नाहीत?

प्रश्न : भीमाकाठ

सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर, माळशिरस, सांगोला या भागांत गेल्या काही वर्षांत मक्याची राने डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहेत. जिथे पूर्वी दिवाळीनंतर जोंधळ्याची, म्हणजे ज्वारीची, हिरवी ताटे वाऱ्यावर हलत असत, तिथे आज पाटाचे पाणी आहे, ऊस आहे किंवा मका आहे. पीकबदलाची आर्थिक कारणे मला ढोबळपणे माहीत आहेत आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. जोंधळ्याच्या रानाभोवती माळ्यावरची (रानातल्या मचाणावरची) राखण, गोफण, हुरडा, खळ्यावरच्या गोष्टी, जात्यावरच्या ओव्या आणि येळवस हा अमावस्येला रानात होणारा सण असे एक सबंध जग उभे राहिले होते. मक्याचे रानही तेवढेच उंच आणि तेवढेच दाट असते, आत शिरलेला माणूस दोन पावलांवर दिसेनासा होतो, तरी त्याच्याभोवती तसे काही उभे राहिलेले दिसत नाही. हा केवळ काळाचा फरक आहे, की खुद्द पिकाच्या स्वभावातच त्याचे कारण आहे? शेती करणाऱ्यांचे आणि इतिहासाच्या अभ्यासकांचे मत वाचायला आवडेल.

उत्तर : काळीरान

मी दोन्ही पिके घेतो, म्हणून आधी पिकाच्या स्वभावाबद्दलच लिहितो. जोंधळ्याचे कणीस ताटाच्या शेंड्यावर उघडे असते. पोटरीतून निसवले, दाण्यात दूध भरले, की चिमण्या, पोपट, होले यांचे थवे थेट त्यावर उतरतात. त्यामुळे दाणा भरल्यापासून काढणीपर्यंत कोणीतरी दिवसभर माळ्यावर बसणे भागच असे. हे काम बहुधा पोरांकडे किंवा म्हाताऱ्यांकडे येई आणि एकट्याने दिवस काढायचा म्हणजे गाणे, आरोळी, शेजारच्या रानातल्या राखणदाराशी लांबून बोलणे हे सगळे ओघाने आले. मक्याचे कणीस ताटाच्या मध्यावर, पानांच्या आवरणात गुंडाळलेले असते. पाखरे त्यालाही टोचतात, पण गोफण घेऊन दिवसभर बसण्याइतका त्रास होत नाही. मक्याला खरा त्रास रानडुकरांचा, आणि तो रात्रीचा. आमच्या भागात आता बांधावर बॅटरीवरचा भोंगा बांधतात. त्यात कुत्र्यांचे भुंकणे आणि माणसांचा आरडाओरडा भरलेला असतो आणि तो पहाटेपर्यंत आळीपाळीने वाजत राहतो. राखण थांबलेली नाही, राखणारा माणूस मात्र घरी झोपलेला असतो.

खाण्याचेही तसेच आहे. हुरड्याचा दाणा योग्य अवस्थेत फार थोडे दिवस राहतो. आज कोवळा आहे म्हणावे तर आठवड्याभरात तो निबर होतो. कणीस खुडल्यावर त्याच्यातला गोडवाही टिकत नाही. म्हणून आगटी रानातच पेटवावी लागते, शेणीच्या आरावर कणीस भाजून ते हातावर चोळावे लागते आणि गरम दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तिथेच खावे लागतात. साहजिकच पाहुण्याला रानात यावे लागते. मक्याचे कणीस आपल्या वेष्टनासकट पोत्यात भरून बाजारात जाते आणि पावसाळ्यात सोलापूरच्या सात रस्ता चौकातल्या गाडीवरही चांगले लागते. ज्या पिकाला खाणाऱ्याची वाट पाहत शिवारात थांबावे लागत नाही, त्याच्या बांधावर बैठक कशी जमणार? अलीकडे हुरडाही पाकिटात मिळतो, हे खरे आहे. तो मी एकदा खाल्ला आहे आणि त्याबद्दल अधिक न लिहिलेले बरे.

उत्तर : जुनीपाने

काळीरान यांचे निरीक्षण मार्मिक आहे, परंतु त्यावरून मक्याच्या अंगातच गोष्टी नाहीत असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो चुकीचा ठरेल. दक्षिण मेक्सिकोत सुमारे ९,००० वर्षांपूर्वी टिओसिंटे नावाच्या रानगवतापासून माणसाने मका घडवला आणि तिकडच्या समाजांनी त्याला देवत्व दिले. माया लोकांच्या पुराणकथेत देवांनी आधी चिखलाची आणि मग लाकडाची माणसे करून पाहिली, ती टिकली नाहीत, आणि शेवटी मक्याच्या पिठापासून खरा माणूस घडवला. पिकाभोवती याहून मोठी कल्पना आपल्याकडे जोंधळ्याबद्दलही केलेली नाही. जोंधळा तरी मुळचा इथला कुठे आहे? तो आफ्रिकेतून, सुदानच्या बाजूने आला. मात्र त्याला येऊन हजारो वर्षे झाली आणि मका अमेरिकेचा शोध लागल्यानंतर पोर्तुगीजांच्या काळात आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कर्नाटकातील सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातील होयसळ मंदिरातल्या मूर्तींच्या हातात मक्याची कणसे आहेत, म्हणून मका कोलंबसाच्या आधीच भारतात होता, असा दावा १९८९ मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी केला होता. पुष्कळ अभ्यासकांनी तो नाकारला आणि ती मोत्यांनी घडवलेल्या काल्पनिक फळाची आकृती असल्याचे म्हटले. मलाही दावा पटत नाही, कारण इतके भरघोस पीक देणारे धान्य इथल्या शेतकऱ्याने शिल्पात कोरायला दिले आणि पेरायचे मात्र विसरला, हे संभवत नाही.

आपल्या भागात जोंधळ्याला जे वजन आले, त्यात दुष्काळाचा वाटा फार मोठा आहे, आणि हा मुद्दा मला पिकाच्या ठेवणीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बहामनी राजवटीत दुष्काळाच्या वेळी सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केली आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बीदरला जाऊन त्या धान्याची रक्कम भरली, ही कथा घरोघरी सांगितली जाते. धान्याच्या कोठाराशी देवाची गाठ घालून देणारी कथा ज्या मुलखात जन्मते, तिथे पिकाकडे पाहण्याची नजर निराळी असणारच. पुढे १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळू लागली. तीही ज्वारीच होती, पण मालदांडी या इथल्या ज्वारीच्या वाणाची पांढरी, मऊ भाकरी खाल्लेल्या पिढीने तिची नावडती आठवण आयुष्यभर सांगितली. मक्याच्या वाट्याला या भागात अशी आणीबाणीची वेळ आलेली नाही. तो आला तोच मुळी कोंबड्यांचे खाद्य, स्टार्च आणि आता इथेनॉल यांच्यासाठी.

उत्तर : गोठा_सांगोला

वरची दोन्ही उत्तरे वाचली आणि दोन्हींत मक्याला थोडे सावत्रपणाने वागवले आहे, असे वाटले. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या जमिनीत हस्ताच्या पावसावर पेरलेला जोंधळा केवळ मुरलेल्या ओलीवर येतो, हे मान्यच आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ इतकी दशके टिकून राहिली आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु त्या पिकाची मेहनत कोणी करायची, याचे उत्तर कोणी देत नाही. आठव्या आठवड्यात जमिनीच्या भेगा बुजवायला दातेरी कोळपे धरायचे, मग ताटे उपटायची, कणसे मोडायची, पेंढ्या बांधायच्या आणि बुचाडे रचायची. या कामांना आज मजूर मिळत नाही आणि मिळाला तर त्याची मजुरी धान्याच्या भावात बसत नाही. मका मी दाणा दुधाळ ते चिकाच्या अवस्थेत असताना कणसासकट कापतो, यंत्राने कुट्टी करतो, हवा राहणार नाही अशी दाबून बॅगेत भरतो आणि सुमारे ४५ दिवसांनी मुरघास, म्हणजे आंबवलेला चारा, तयार होतो. उन्हाळ्यात माझ्या गाई त्यावर तगतात. २०१८ मध्ये लष्करी अळी आली तेव्हा पोंग्यातला भुसा पाहून पोटात गोळा आला होता, पण पीक सोडावे असे वाटले नाही.

तरीही मूळ प्रश्नाला एक भर घालतो. मुरघासाच्या रानात मागे काहीच उरत नाही. जोंधळा काढल्यावर सरवा (रानात मागे राहिलेली कणसे) वेचायला बाया येत, खळ्यावर बलुतेदारांचा वाटा निघे आणि पाखरांनाही राहिलेले मिळे. एका पिकावर किती घरांचा हक्क होता, हे त्या रानात उघड दिसायचे. मक्याच्या रानात मी, यंत्रवाला आणि माझ्या गाई एवढेच असतो. गोष्ट सांगायला आणि ऐकायला निदान चार घरांची माणसे लागतात.

भीमाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. पिकाच्या ठेवणीपेक्षा त्यावर असलेल्या अनेकांच्या हक्काचा मुद्दा मला अधिक पटला, कारण येळवसेचा अनुभवही त्याच दिशेने जातो. अक्कलकोटच्या बाजूला आमच्या नात्यात त्या अमावस्येला रानात कडब्याची कोप (खोपी) उभारून पांडवांची पूजा होते, आंबील आणि भज्जीचे जेवण होते आणि वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून बसवले जाते. त्यांच्या रानात आता तूर आणि मका असतो, म्हणून कोपीपुरत्या पेंढ्या शेजाऱ्याकडून मागून आणाव्या लागतात. मक्याच्या ताटांची कोप का करत नाही, असे मी विचारले, तेव्हा मामींनी उत्तर दिले की करायला हरकत काहीच नाही, पण ती ताटे तोवर बॅगेत गेलेली असतात.