मदत हवी आहे : ठासणीच्या जुन्या रायफलीचे किट, दस्त्यात नळी नीट बसत नाही

अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या हॉकेन बंधूंनी १९व्या शतकाच्या पूर्वार्धात बनवलेल्या रायफलींच्या धर्तीवरचे, छोट्या स्फोटक टोपीने पेटणाऱ्या ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या) रायफलीचे एक किट माझ्याकडे कित्येक वर्षे न उघडता पडून होते. ते आता जोडायला घेतले आहे.

अष्टकोनी नळीला आतून गंज नाही आणि घोडाही अर्ध्या आणि पूर्ण अशा दोन्ही टप्प्यांवर व्यवस्थित अडकतो. अडचण दस्त्याची आहे. अक्रोडाचे लाकूड इतक्या काळात सुकून आकसले असावे, कारण नळीच्या मागची पोलादी पट्टी दस्त्यातल्या खाचेत पूर्ण न बसता सुमारे १ मिलिमीटर वर राहते. पट्टीच्या खालच्या बाजूला दिव्याची काजळी लावून, ती दाबून काढल्यावर लाकडावर जिथे काळे डाग उमटतात तेवढेच पटाशीने खरवडायचे, असे मी चार-पाच वेळा केले. पण आता डाग फक्त पुढच्या कडेला दिसतात, आणि तिथले लाकूड आणखी काढले तर बाहेरून फट दिसेल अशी भीती वाटते. (पटाशीला धार लावायचा आळस केला, तोही थोडा नडला.)

ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया सांगावे : खरवडत राहावे, की थोडी जागा मोकळी करून इपॉक्सीचा (घट्ट होणाऱ्या राळेचा) थर द्यावा? आणि जवसाचे तेल त्याआधी लावावे की नंतर? तेल आधी मुरले तर इपॉक्सी धरणार नाही, असा माझा अंदाज आहे. बार भरण्याचा विचार जाणकार कारागिराने नळी तपासल्यानंतरच करीन.