शिकाऊ की फुकटचा कामगार?

शिकाऊ उमेदवारांना विद्यावेतन देणं सक्तीचं केलं तर प्रशिक्षणाच्या जागाच आटतील, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. फ्रान्समध्ये दोन महिन्यांहून जास्त काळ ठेवलेल्या प्रशिक्षणार्थ्याला मोबदला द्यावाच लागतो. युरोपीय संघाने २०१४ मध्ये प्रशिक्षणार्थ्याशी लेखी करार करण्याची नुसती शिफारस केली. ती पुरेना, म्हणून २०२४ मध्ये निर्देशाचा, म्हणजे सदस्य देशांना बंधनकारक कायद्याचा, प्रस्ताव आला.

मी सहा महिने एका कार्यालयात फक्त बिलांच्या नोंदी केल्या. शिकवायला कुणी नाही, प्रमाणपत्रावर मात्र 'प्रशिक्षण पूर्ण'! बरोबरची मुलगी माझ्यापेक्षा हुशार होती, पण बिनपगारी उमेदवारी परवडेना म्हणून दुसऱ्याच महिन्यात सोडून गेली. प्रशिक्षणाच्या नावाखाली नुसतं काम करून घेतलं जातंय का, हे तपासणाऱ्या सरकारी तपासनीसाने आधी एवढंच बघावं: शिकवतंय कोण, आणि एक शिकाऊ गेला की त्याच खुर्चीत लगेच दुसरा बसतोय का?