डफडेवाला काका अन क्लावे

साल्सा, म्हणजे ते लॅटिन नाचाचं संगीत, "क्युबावाल्यांचंच काम" आहे असं कोणी म्हणलं, तर ते मले काही पटत नाही बाप्पा. न्यूयॉर्कच्या फानिया ऑल स्टार्स या साल्सा बँडमध्ये पियानोवर लॅरी हार्लो, ब्रुकलिनचा ज्यू माणूस, बासरीवाला जॉनी पाचेको डॉमिनिकन, अन गायला सेलिया क्रूझ, ती तेवढी क्युबाची.

आमच्या गावच्या बँड पार्टीत तरी काय वेगळं आहे, क्लॅरिनेटवाला दिवसा कटिंगच्या दुकानात, कीबोर्डवाला पोरगा आयटीआय केलेला, अन डफड्यावरचा काका मूळचा भजनी मंडळातला खंजेरीवाला. त्याले मी मोबाईलवर साल्साचा क्लावे, म्हणजे त्याचा मूळ ठेका, ऐकवला, तीन अन दोन असे पाच ठोके, तर चहा थंडा होईस्तोवर त्यानं टेबलावर बोटांनी धरला बी, फक्त पाचवा ठोका जरा घाईत येत होता.